विदर्भात समुद्र नाही म्हणून उतरवलेल्या विणकामाबद्दल प्रदर्शन समितीला खुलं पत्र

जिल्हा महिला बचत गट हस्तकला प्रदर्शनाच्या आयोजन समितीतले सर्व साहेब, मॅडम आणि परीक्षक ताई,

सप्रेम नमस्कार.

मी वैनगंगेकाठच्या एका गावातली, आमच्या बचत गटाची सचिव. मागच्या महिन्यात तुम्ही भरवलेल्या प्रदर्शनात आमचा स्टॉल होता. पहिल्या दिवशी सकाळी अकराला आम्ही आमचं विणलेलं पॅनल लावलं आणि दुपारी दीडच्या सुमारास तुमच्या लोकांनी ते उतरवलं. अडीच तास होतं ते तिथं. त्याच्यामागे चौदा बायांचे पाच महिने आहेत, रोवणी आटोपल्यावर हातात घेतलं, धान कापणीच्या दिवसांत सुया बाजूला ठेवल्या, मग थंडीत रात्रीचं जेवणखाण आवरून समाजमंदिरात बसून बसून पुरं केलं.

कारण विचारलं तर एक साहेब म्हणाले, "विदर्भात समुद्र कुठे आहे ताई? स्वेटर आणा, टोपरं आणा, तोरण आणा, हे समुद्राचं इथं कोण घेणार?" मी त्या वेळी गप्प बसली. सोबतच्या बाया माझ्याकडे पाहून राहिल्या होत्या, स्टॉल आणखी दोन दिवस चालवायचा होता, पापड आणि लाखोळीची डाळ विकायची बाकी होती, तिथं भांडण करून कोणाचं भलं होणार नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी हातानं लिहिलेला अर्ज दिला, त्याची पोच मिळाली पण उत्तर आजपर्यंत आलं नाही. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहून राहिली, म्हणजे तुम्हीही वाचाल आणि बाकीच्या गटांच्या बायाही वाचतील.

आधी समुद्र कुठे आहे ते सांगते.

आमच्या घरामागून तीन शेतं ओलांडली की नाला लागतो. नाला वैनगंगेला मिळतो. वैनगंगा खाली जाऊन चपराळ्याजवळ वर्धा नदीला भेटते आणि तिथून पुढे दोघींचं नाव प्राणहिता होतं. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते, गोदावरीला मिळणाऱ्या सगळ्या नद्यांमधली ती सर्वात मोठी. मग गोदावरी भद्राचलम, राजमहेंद्री करत बंगालच्या उपसागरात उतरते. तिकडे अमरावती-अकोल्याकडचं पाणी पूर्णेतून तापीत जातं आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. म्हणजे आपल्या विदर्भातलं पाणी एक नाही, दोन समुद्रांत जातं. कोणी म्हणेल मध्ये धरणं आहेत, बॅरेज आहेत, कचरा तिथंच अडतो. काही अडतोच, पण पूर आला की दरवाजे उघडतात आणि पुरात काय काय वाहून जातं हे नदीकाठच्या माणसाला शिकवायची गरज नाही.

आणि जाणं झालं तसं येणंही आहे. आमचं धान पावसावर. पऱ्हं, म्हणजे धानाची रोपं, टाकून आभाळाकडे पाहत बसावं लागतं तेव्हा रेडिओवर काय सांगतात, बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला. तो झाला की आमच्याकडे रोवणी होते, नाही झाला की पऱ्हं पिवळं पडतं. माणसानं जी जास्तीची उष्णता पृथ्वीवर वाढवली त्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त समुद्रानं पोटात घेतली आहे, असं शास्त्रज्ञ सांगतात. तो समुद्र आमचा नाही तर कोणाचा, हे मला कोणीतरी समजावून सांगा.

आता माझं यात काय आहे ते. माझं माहेर ढिवराचं. बाबा वैनगंगेवर मासे धरायचे. मी लहान असताना आमच्या ओसरीत बाबा जाळं विणत बसायचे आणि आई शेजारी स्वेटर विणायची, एकाच्या हातात लाकडी सुई, एकीच्या हातात लोखंडी, आणि दोघंही मनात मोजत असायचे म्हणून घरात कोणी बोलायचं नाही. आधीचं जाळं सुताचं असायचं, झाडाच्या सालीच्या पाण्यात उकळून पक्कं करायचे, दोन-तीन वर्षांत कुजून जायचं, मग नवीन विणायचं. नायलॉन आलं तेव्हा बाबा खूश झाले होते, कुजत नाही म्हणून. आज तेच म्हणतात, "कुजत नाही बाई, हेच तर वंगाळ झालं." नदीत तुटून गेलेलं नायलॉनचं जाळं मासे धरतच राहतं, काढणारं कोणी नसतं, त्यात मासा मरतो, कासव मरतं. समुद्रात तर याचा डोंगर झाला आहे. प्रशांत महासागरात कचऱ्याचा जो मोठा पट्टा तरंगून राहिला, त्याच्या वजनातला जवळपास निम्मा भाग मासेमारीच्या जाळ्यांचाच निघाला, हे २०१८ साली छापून आलं होतं.

बाबा आणखी एक सांगतात, पूर्वी नदीला वीतभर मोठा झिंगा मिळायचा, आता मिळत नाही. गोदावरीच्या त्या झिंग्याच्या पिल्लांना वाढायला खाडीचं मचूळ पाणी लागतं, तिथं वाढून ती गोड्या पाण्यात वर चढतात. हे मी नंतर वाचलं. बाबांना शाळा नाही, पण समुद्राचं आणि आपल्या नदीचं नातं त्यांच्या जाळ्यात येत होतं.

तर पॅनलबद्दल. तुमच्यापैकी कोणीच ते नीट पाहिलं नाही म्हणून मी सांगते.

अकरा फूट लांब, चार फूट रुंद. डावीकडून सुरू होतं ते मातकट रंगानं, आमची पावसाळ्यातली नदी, काताच्या पाण्यात रंगवलेलं सूत. मग हिरवं येतं, ती नदीत माजलेली जलकुंभी, हळदीवर नीळ चढवून तो हिरवा काढला. मग हळूहळू निळं होत जातं. सगळीकडे लाटेचं डिझाईन आहे. विणणाऱ्या बायांना माहीत आहे, ठरलेल्या जागी दोरा पुढे घेऊन टाके वाढवायचे आणि दुसऱ्या जागी दोन-दोन टाके एकत्र विणून तेवढेच घटवायचे, बाकी ओळी साध्या सुलट-उलट, की विण आपोआप वर-खाली होते, लाट दिसते, आणि वाढवल्या जागी बारीक जाळी पडते. एका ओळीत एक जरी टाका चुकला तरी पुढची लाट वाकडी. आमच्या गटातल्या एका आजीचं वय सत्तरच्या वर, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, ती टाके बोटानं चाचपून मोजायची आणि आमच्यापेक्षा कमी चुकायची.

उजव्या टोकाला समुद्राचा तळ, तिथं प्रवाळ, म्हणजे पोवळं. ते सुयांवर नाही, क्रोशावर केलं. गटातली एक सूनबाई बीएस्सी करते, तिनं मोबाईलवर दाखवलं की डायना टायमिना नावाच्या गणिताच्या बाईंनी १९९७ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात क्रोशानं एक अवघड भूमितीचा आकार विणून दाखवला, जो कागदावर धड काढता येत नव्हता. पद्धत इतकी सोपी की आम्हाला विश्वास बसेना. दर तीन टाक्यांमागे एक टाका वाढवायचा, बस. बाराचे सोळा होतात, सोळाचे एकवीस, एकवीसचे अठ्ठावीस, आणि दहा ओळींत दोनशे. एवढ्या टाक्यांना जागा पुरत नाही म्हणून कड आपोआप मुरडते, अगदी कोंबड्याच्या तुऱ्यासारखी. समुद्रातलं पोवळं असंच मुरडलेलं असतं. पुढे २००५ साली मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या जुळ्या बहिणींनी लॉस एंजेलिसला याच पद्धतीनं पोवळ्याचं अख्खं बेट विणायला घेतलं, देशोदेशीच्या हजारो बाया त्यात आल्या, समुद्रातलं पोवळं मरून राहिलं हे लोकांना कळावं म्हणून. २०१९ ला ते व्हेनिसच्या मोठ्या कला प्रदर्शनात लागलं. हे ऐकून आमची ती आजी म्हणाली, "म्हणजे आपल्या टाक्याले बी तिथं मान आहे." त्या दिवसापासून गटात एकीनंही वेळ नाही म्हटलं नाही.

आमच्या पोवळ्याचा अर्धा भाग रंगीत आहे, वाळवलेल्या पळसफुलांचा केशरी, हळदीचा पिवळा. आणि अर्धा कोरा पांढरा. तुमचा एक स्वयंसेवक पॅनल उतरवताना म्हणाला, "हे रंगवायचं राहून गेलं वाटते." राहून गेलं नाही दादा. समुद्राचं पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादाच डिग्री जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं तर पोवळं आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतं. त्या शेवाळानंच त्याला रंग असतो आणि बरंचसं अन्नही मिळतं. ते गेलं की पोवळं पांढरं पडतं, लगेच मरत नाही, उपाशी राहतं, पाणी थंड झालं तर वाचतं, नाही तर जातं. १९९८ ला असं जगभर झालं, मग २०१० ला, मग २०१४ ते २०१७, आणि एप्रिल २०२४ मध्ये चौथ्यांदा जाहीर झालं. आपल्या राज्यातही मालवणजवळ पोवळं आहे, १९८७ पासून तिथं सागरी अभयारण्य आहे. विदर्भात पांढरं म्हटलं की कापूस आठवतो, घरात पैसा आला असं वाटतं, म्हणून आम्ही मुद्दाम कोरं कापसाचं सूत तसंच ठेवलं, की माणूस थांबेल आणि विचारेल हे पांढरं कशाचं. लोकांनी विचारलंही. समितीतल्या कोणी नाही विचारलं.

आता ज्याच्यावर तुमचा सगळ्यात जास्त आक्षेप होता ते. खर्ऱ्याच्या पन्न्या.

आपल्याकडे गावोगावी पानठेल्यावर खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना, प्लास्टिकच्या पन्नीत घोटून देतात, खाणारा खातो आणि पन्नी जिथं उभा असेल तिथं टाकतो. आम्ही पंधरा दिवस फक्त तीन ठेल्यांसमोरच्या आणि नाल्याच्या पुलाखालच्या पन्न्या गोळा केल्या. सहाशे चाळीस भरल्या. सोड्याच्या पाण्यात धुतल्या, वाळवल्या, बोटभर रुंद पट्ट्या कापल्या, एकेकीला गाठ मारून लांब दोरा केला आणि नदीच्या पहिल्या फुटापासून समुद्राच्या शेवटच्या फुटापर्यंत विणीत तो दोरा चालवला. मातकट भागात तो दिसतसुद्धा नाही, निळ्यात चमकतो. मॅडम म्हणाल्या, हे घाण आहे, प्रदर्शनात शोभत नाही. घाण आहेच मॅडम. म्हणूनच धुऊन विणली. मी मुंबईला एकदा बचत गटाच्याच कामानं गेली होती तेव्हा आम्ही सगळ्या बाया समुद्र पाहायला गेलो, पहिल्यांदाच, आणि लाट मागे सरली की वाळूवर जी ओळ उरते ना, ती शंख-शिंपल्यांची नव्हती, पुड्या, झाकणं, पिशव्या, चपलांचे तुकडे. त्यात गुटख्याची एक पुडी होती, तीच, जी आमच्या बसस्टँडवर पडलेली असते. ती ओळ मला आजही डोळ्यासमोर दिसते. पॅनलमधली पन्न्यांची ओळ तीच आहे.

आणि मध्यभागी कासव. ऑलिव्ह रिडले, समुद्री कासव, ओडिशाच्या किनाऱ्यावर लाखांनी येतात अंडी घालायला, आपल्या कोकणात वेळासलाही येतात, गोदावरीच्या मुखाजवळ काकीनाड्याकडे होप आयलंड आहे तिथंही येतात, म्हणजे आमच्याच पाण्याच्या शेवटच्या टोकाला. ते कासव आम्ही पाच रंगांत विणलं आणि त्याच्यावर नायलॉनच्या जुन्या जाळ्याचा तुकडा बाबांनी स्वतः बांधला. अशी गाठ मारली की एक टोक ओढलं की सुटते आणि कासव मोकळं होतं, मग पुन्हा बांधता येते.

त्या दिवशी साडेबाराला जिल्हा परिषद शाळेची पोरं आली होती. गुरुजींनी त्यांना पापड-लोणच्याच्या स्टॉलवरून सरळ पुढे नेलं, पण आमच्यापाशी ती थांबली आणि हलेचनात. मी त्यांना नाल्यापासून सुरू करून बोटानं दाखवत दाखवत समुद्रापर्यंत नेलं. एका पोरीनं जाळ्यात बोट घालून विचारलं, "बाई, याले काढता येते का?" मी म्हटलं ओढ. तिनं टोक ओढलं, जाळं खाली आलं, आणि पोरांनी असा आवाज केला जसं खरंच काही सुटलं. मग रांगच लागली, प्रत्येकाला सोडवायचं होतं. पानठेल्याचा विषय निघाला तर एक पोरगं हळूच म्हणालं, माझे बाबा खातात. मी म्हटलं बाबांना सांग पन्नी खिशात ठेवा, घरी आणा, मी विणून देते. ती रांग अर्धी झाली होती तेव्हा तुमचे लोक आले आणि पोरांना बाजूला करून पॅनल उतरवलं. राहिलेली पोरं तशीच गेली.

आता माझ्या तक्रारी एकेक करून मांडते, रागानं नाही, जसं झालं तसं.

पहिली तर ही की तुमच्याच पत्रकावर यंदाचा विषय पर्यावरण संवर्धन असा छापला होता. आम्ही अर्जासोबत पॅनलचा फोटो जोडला होता, त्यावर समुद्र, कासव, पन्नी सगळं लिहिलं होतं, तुम्ही तो अर्ज मंजूर केला, स्टॉल नंबर दिला. नको होतं तर तेव्हाच सांगायचं होतं, आम्ही एसटीचे आणि टेम्पोचे पैसे वाचवले असते.

दुसरी म्हणजे उतरवण्याचा निर्णय कोणाचा होता हे आजही आम्हाला माहीत नाही. परीक्षक ताई म्हणाल्या आमचा नाही, साहेब म्हणाले समितीचा, समितीतले एक सदस्य म्हणाले वरून सांगितलं. एका कागदावर दोन ओळी लिहून कोणी सही केली असती तरी मी मानलं असतं.

तिसरी, आणि ही लिहिताना माझा हात थांबून राहिला. उतरवलेलं पॅनल तुम्ही आमच्या ताब्यात दिलं नाही, मंडपामागे जनरेटरजवळ नेऊन ठेवलं, लोखंडी स्टँडवर टाकून. संध्याकाळी आम्ही शोधत गेलो तेव्हा निळ्या भागावर डिझेलचा डाग पडला होता, आणि खालच्या कोपऱ्यात स्टँडच्या तारेत अडकून एक टाका तुटला होता. विणकामात एक टाका तुटला की तो एकटा राहत नाही, ओढ बसली की खालच्या ओळी एकामागून एक उसवत जातात. बारा ओळी उसवल्या होत्या. तो कोपरा त्या आजीनं विणलेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं माझे बाबा आले, पंचाहत्तरीचा माणूस, नवीन धोतर नेसून, आपली गाठ पोरं कशी सोडवतात ते पाहायला. स्टॉलवर त्यांनी मला विचारलं, कुठे आहे? मी काय सांगू त्यांना.

चौथी तक्रार मंडपातल्या कचऱ्याची. उद्घाटनाच्या चहाला प्लास्टिकचे कप, जेवणाला थर्माकोलच्या प्लेटा, पाण्याच्या छोट्या बाटल्या, आणि तिसऱ्या दिवशी हे सगळं मैदानामागच्या नाल्याच्या उतारावर ढकललेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. राज्यात प्लास्टिकबंदी २०१८ पासून आहे, आणि असे कप-प्लेटा तर १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत. पर्यावरणाच्या प्रदर्शनातून कचरा नदीत जाणार आणि त्याच नदीचं विणकाम जनरेटरमागे, हे मला पटत नाही आणि तुमच्यापैकीही कोणाला पटत असेल असं वाटत नाही.

विक्रीचं तुमचं म्हणणं मात्र मला कळतं. बायांच्या हातात पैसा आला पाहिजे, त्यासाठीच प्रदर्शन असतं, आणि गर्दीच्या मंडपात अकरा फूट जागा कोणी विकायच्या नसलेल्या वस्तूला काऊन द्यावी हा प्रश्न रास्त आहे. पण आमच्या वहीत बघा. त्या अडीच तासांत पॅनल पाहून थांबलेल्या बायांनी कासवाच्या छोट्या पर्सच्या नऊ ऑर्डरी दिल्या, पुढच्या अडीच दिवसांत एक. लोक आधी थांबतात, मग घेतात.

आणखी एक, जे तक्रारीत बसत नाही पण सांगितलंच पाहिजे. विणकाम प्रशिक्षणात तुम्ही गटांना जी लोकर देता ती मेंढीची नसते, ॲक्रिलिकची असते, म्हणजे प्लास्टिकच. आम्हालाही हे माहीत नव्हतं. पॅनलचे पहिले दोन फूट आम्ही त्याच लोकरीत विणले होते. मग सूनबाईनं वाचून दाखवलं की इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठानं २०१६ साली कपडे धुऊन मोजलं, ॲक्रिलिकचे सहा किलो कपडे एकदा मशीनमध्ये धुतले तर सात लाखांवर बारीक तंतू पाण्यात जाऊ शकतात. समुद्रात थेट बारीक कणांच्या रूपात जे प्लास्टिक जातं त्यातलं जवळपास पस्तीस टक्के अशा कपड्यांच्या धुण्यातून जातं असं आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २०१७ ला मांडलं. त्या रात्री समाजमंदिरात बराच वेळ कोणी बोललं नाही. समुद्र वाचवा म्हणून प्लास्टिकचा समुद्र विणायचा का? दोन फूट उसवले. एका महिन्याचं काम होतं. मग सुती घेतलं, काही वर्ध्याकडचं हातकताईचं, बाकी नागपूरच्या इतवारीतून गिरणीचं. सूत लोकरीसारखं ताणत नाही, बोटं दुखतात, टाका सैल ठेवावा लागतो, पण सवय होते. कापसाच्या विदर्भात बायांना प्लास्टिकची लोकर वाटायची काही गरज नाही, ही माझी विनंती आहे आणि मी ती मनापासून करते.

आता मागण्या.

पॅनल कोणाच्या निर्णयानं आणि कोणत्या नियमाखाली उतरवलं हे पंधरा दिवसांत लेखी कळवा. पुढच्या महिन्यात तालुक्याचं प्रदर्शन आहे, तिथं हे पॅनल पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत, लोकांचं लक्ष जाईल अशा जागी लागलं पाहिजे, आणि त्या शाळेतल्या पोरांना पुन्हा बोलावलं पाहिजे, कारण त्यांची रांग अर्धी राहिली आहे. विक्रीच्या वस्तूंपेक्षा वेगळा, जनजागृतीच्या कामाचा एक गट अर्जात ठेवा, आणि त्याच्या परीक्षकांत एक तरी विणणारी बाई आणि एक तरी नदीवर पोट भरलेला माणूस असू द्या. मंडपात बंदी असलेलं प्लास्टिक येणार नाही आणि कचरा नाल्याकडे जाणार नाही याची जबाबदारी एका नेमक्या माणसाच्या नावावर टाका, पळसाच्या पत्रावळी आमचा गट पुरवायला तयार आहे, ठरलेल्या भावानं. प्रशिक्षणात सुती दोरा द्या. एवढंच. नुकसानभरपाई आम्ही मागत नाही, डिझेलचा डाग रिठ्याच्या पाण्यानं बराचसा निघाला आहे.

तुमच्यापैकी कोणाला पॅनल पाहायचं असेल तर ते आमच्या समाजमंदिराच्या आतल्या भिंतीवर लावलं आहे. मंगळवारी बाजार असतो, तो दिवस सोडून कधीही या, चावी माझ्या घरी असते. गावातली पोरं रोज संध्याकाळी येऊन कासव सोडवतात आणि बाबा रोज सकाळी जाऊन पुन्हा गाठ मारून येतात. उसवलेला कोपरा आजी दोनदा दुरुस्त करायला बसली होती, मीच थांबवलं. तुम्ही पाहून गेलात की विणू.

आपली,
बचत गटाची सचिव
वैनगंगेकाठचं एक गाव